हे पत्र मुलीने लिहायला हवं होतं

तुमची मुलगी भौतिकशास्त्रात एमएस्सी आहे, तिला गॅमा-किरण स्फोटांच्या (दूरच्या अवकाशातून थोडाच वेळ येणाऱ्या गॅमा किरणांच्या प्रचंड लोटांच्या) प्रारणावर, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या किरणांवर, पीएचडी करायची आहे, आणि तुम्ही विचारता, 'तिचं मन कसं वळवू?' पत्रभर 'आम्ही ठरवलंय', 'घरात सगळ्यांचं मत आहे'. तिला हाच विषय का हवा, याची एक ओळ नाही. तिच्या गुणांची मला काळजी नाही, याची आहे. तुम्ही तिला विचारलंच नसावं.

तुमचा आक्षेप असा: 'या स्फोटांचा शोध १९७३ साली जाहीर झाला. पन्नास वर्षांत जे सुटलं नाही ते हिला काय सुटणार?' गैरसमज इथेच आहे. स्फोट कशाने होतात ते बरंचसं कळलंय: महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळतो किंवा न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) एकमेकांवर आदळतात. २०१७ साली अशाच टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरींमागोमाग (अवकाश-काळातल्या तरंगांमागोमाग) १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, तेव्हा दुसऱ्याचा पुरावाही मिळाला. घोडं अडलंय पुढे. स्फोटातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने सुटलेल्या द्रव्याच्या झोतातली ऊर्जा गॅमा किरणांत बदलते कशी? चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं सिंक्रोट्रॉन प्रारण, हे सरळ उत्तर. पण इलेक्ट्रॉन झपाट्याने थंड होत असतील तर वर्णपटाचा (कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले त्या आलेखाचा) कमी ऊर्जेकडचा घातांक, म्हणजे उतार सांगणारा आकडा, -१.५ यायला हवा. प्रत्यक्षात तो साधारण -१ भरतो, आणि काही स्फोट तर -०.६७ ही सिंक्रोट्रॉनची मर्यादाही ओलांडतात. म्हणून काही जण झोत पारदर्शक होतो तिथून निसटणाऱ्या औष्णिक (उष्णतेमुळे निघणाऱ्या) प्रारणाकडे वळले. इतर म्हणतात, इलेक्ट्रॉन पुरते थंडच होत नाहीत. ध्रुवीकरण (किरणांची कंपनं किती एकाच दिशेत आहेत ते) मोजायला गेले, तर भारतीय उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅटच्या सुरुवातीच्या मोजमापांत काही स्फोटांत ते बरंच जास्त निघालं, चीनच्या अवकाश प्रयोगशाळेवरच्या पोलार उपकरणाला कमी. करण्यासारखं काम भरपूर आहे. आणि पीएचडीला अख्खा प्रश्न सोडवावा लागत नाही, त्यात नीट तपासलेली एक भर घालावी लागते.

प्रवेशपरीक्षा, मुलाखती वगैरे तिला तुमच्याआधी ठाऊक असणार.

नोकरीची भीती मात्र खरी आहे. कायमच्या जागा मोजक्या, आणि त्याआधी बरीच वर्षं कराराची. पण तुम्ही सुचवलेलं डेटा सायन्स कुठे पळून जात नाही. वर्णपटाला मॉडेल बसवतानाही संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंगच लागतं.

सध्या तिला एवढंच करू द्या: फर्मी या अवकाशातल्या गॅमा-किरण दुर्बिणीचा डेटा सगळ्यांना खुला आहे, त्यातला एक स्फोट घेऊन त्याच्या वर्णपटाला दोन वेगळी मॉडेलं बसवून पाहावीत. कंटाळली तर तिचं तिलाच कळेल, तुम्हाला काही वळवावं लागणार नाही. रमली, तर संभाव्य गाइडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली आणि ते आता काय करतात, हे विचारून तिने मला लिहावं. पुढचं मी तिच्याशीच बोलेन.