जर्मनीतल्या सीडीयू (ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन) या मोठ्या पक्षाच्या नावातच ‘ख्रिश्चन’ आहे. मग तो धार्मिक पक्ष नाही का? आणि तिथल्या घटनेत ते बसतं कसं?

नाव वाचून तसं वाटणं साहजिक आहे. मी नोकरीनिमित्त स्टुटगार्टला राहतो. मला मत देता येत नाही, पण निवडणूक आली की शनिवारच्या बाजारात सगळ्या पक्षांचे तंबू लागतात आणि फुकटची पेनं गोळा करता करता बरंच कानावर पडतं. सीडीयूवाले पेन्शन, वीजदर, मोटार कारखान्यांतल्या नोकऱ्या यांवर तासभर बोलतील. येशूचं नाव मी तरी तिथं ऐकलेलं नाही.

नावाचं मूळ कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणात आहे. 1870 च्या दशकात जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्कनं कॅथलिक चर्चशी उघड वैर धरलं. जेझुइटांना देशाबाहेर काढलं, कित्येक पाद्री तुरुंगात गेले. कॅथलिकांनी बचावासाठी स्वतःचा ‘सेंट्रुम’ पक्ष धरून ठेवला, प्रोटेस्टंट मतं इतर पक्षांत विखुरली. मार्च 1933 मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याला याच सेंट्रुमनं मत दिलं आणि जुलैत पक्षच गुंडाळला. महायुद्धानंतर कोनराड आडेनाउअर (कोलोनचे महापौर, नाझींनी हटवलेले) आणि इतरांनी ठरवलं की आता एकट्या कॅथलिकांचा पक्ष नको, दोन्ही पंथ एकत्र हवेत. त्यातून सीडीयू उभा राहिला. आपल्याला जे नाव आज दार लावून घेणारं वाटतं, ते तेव्हा दार उघडायला ठेवलेलं होतं.

पण माझ्या मते खरी गंमत अर्थकारणात आहे. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये कामगारांविषयी एक परिपत्रक काढलं होतं: खासगी मालमत्ता असू द्या, पण रास्त मजुरी द्या, कामगारांना संघटना करू द्या. त्या विचारात वाढलेली बरीच मंडळी या पक्षात होती. 1947 मध्ये आलेन या गावी काढलेल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात तर त्यांनी भांडवलशाहीनं जर्मन जनतेचं भलं केलं नाही, असं सरळ लिहून टाकलं. पुढं अर्थमंत्री लुडविग एरहार्ड यांची खुली बाजारपेठ जिंकली, तरी तो विचार कायद्यांतून उरलाच. 1951 मध्ये कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला मिळाल्या. 1952 मध्ये, ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली त्यांच्यावर तिच्या निम्म्या किमतीइतका कर बसला, 30 वर्षांत हप्त्यानं फेडायचा. तो पैसा निर्वासितांना आणि बेघर झालेल्यांना. हे सगळं कम्युनिस्टांना पाण्यात पाहणाऱ्या पक्षाच्या राजवटीत! 1957 मध्ये पेन्शन पगारवाढीशी जोडली आणि त्याच वर्षी सीडीयू आणि बव्हेरिया राज्यातला त्याचा जुळा पक्ष सीएसयू यांना मिळून 50.2 टक्के मतं पडली.

आता घटनेचं. जर्मनीत राज्याचा अधिकृत धर्म नाही, पण फ्रान्ससारखी काटेकोर फारकतही नाही. इथं आल्यावर पालिकेत नाव नोंदवताना धर्म विचारतात. मी रकाना रिकामा ठेवला. वसईच्या माझ्या सहकाऱ्यानं कॅथलिक लिहिलं, तर त्याच्या पगारातून आयकराच्या 8 टक्के चर्च कर जातो. सरकार कुणाचंही असो, हा कर तसाच राहतो, कारण त्याची तरतूद 1919 च्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या, वायमार घटनेतून आजच्या घटनेत आलेली आहे. अशा देशात पक्षाच्या नावातल्या ‘ख्रिश्चन’ला कोण हरकत घेणार?

पक्षाचा सभासद व्हायला ख्रिश्चन असावं लागत नाही. 2010 मध्ये सीडीयूच्या आयगुल ओझकान लोअर सॅक्सनी राज्यात मंत्री झाल्या, जर्मनीतल्या पहिल्या मुस्लिम मंत्री. मात्र शपथविधीच्या आधी त्या बोलून गेल्या की सरकारी शाळांत क्रूस नको, आणि पक्षात असा गदारोळ उठला की त्यांना माघार घ्यावी लागली. म्हणजे धर्म अगदीच नावापुरता आहे, असंही नाही. बव्हेरियातला सीएसयू याहून कडवा. तिथले मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर यांनी 2018 मध्ये सरकारी कचेऱ्यांच्या दारात क्रूस लावायचा हुकूम काढला. त्यावर टीका कुणी केली? म्युनिकचे कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनी. आणि आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात (स्टुटगार्ट इथलंच) 1953 पासूनची सीडीयूची सलग सत्ता 2011 मध्ये ज्यांनी घालवली, ते ग्रीन पक्षाचे विनफ्रीड क्रेचमान नियमित चर्चला जाणारे कॅथलिक!

चर्चच्या खांद्यावर उभा असलेला पक्ष पाहायचा असेल तर युद्धानंतरच्या इटलीकडं बघा. तिथल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट्सनी चार दशकांहून जास्त काळ सरकारं चालवली. 1974 मध्ये घटस्फोटाचा कायदा रद्द करायला ते सार्वमतात उतरले आणि सुमारे 59 टक्के लोकांनी त्यांच्याविरुद्ध कौल दिला. त्यातूनही पक्ष तरला. बुडाला तो 1992 नंतर बाहेर आलेल्या लाचखोरीच्या प्रकरणांत, आणि 1994 मध्ये बरखास्त झाला.