पंचनामा जागेवरच लिही

अनेक आशीर्वाद.

मेळघाटात वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणून रुजू होतोयस, फार आनंद झाला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. राजस्थानचं सरिस्काही जुनंच राखीव जंगल, पण २००५ पर्यंत तिथे एक वाघ उरला नाही. नुसत्या अधिसूचनेनं जंगल राखलं जात नाही.

शिकारी पकडला की वर्तमानपत्रात फोटो येतो. मला काळजी असते ती नंतरची. खटला उभा राहतो तेव्हा बचावाचा वकील पहिल्यांदा पंचनाम्यावर बोट ठेवतो. म्हणून तो ऑफिसात बसून लिहू नकोस, जागेवरच लिही. लोखंडी सापळा पाचोळ्याखाली कसा झाकला होता, साखळी कशाला बांधली होती, रक्ताचा डाग किती अंतरावर होता, सगळं मोजून नोंदव. जीपीएस घे. मुद्देमालाला सील तिथेच, पंचांच्या सह्या घेऊन. पंच दरवेळी तेच ते आणू नकोस, कोर्टात ते टिकत नाहीत. आरोपीचा जबाब तू घेऊन भागणार नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ५० खाली तो अधिकार सहाय्यक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या, शासनानं प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला आहे. साहेबांना लगेच बोलावून घे.

२०१३ मध्ये मेळघाटातल्या शिकारीचे धागे मोबाइलच्या कॉल रेकॉर्डवरून महाराष्ट्राबाहेर निघाले आणि मेळघाटात सायबर सेल उभा राहिला. त्या मंडळींकडून शिकून घे.

गस्तीची वाट नोंदवायला एम-स्ट्राइप्स अ‍ॅप आहेच, पण मोबाइलवर रेषा उमटली म्हणजे गस्त झाली असं नव्हे. पायी चाल, पाणवठ्याची कड बघ. शेताजवळ तार ताणलेली दिसली तर हात लावू नकोस. ११ केव्हीच्या लाइनवर आकडा टाकून करंट सोडलेला असू शकतो. आधी महावितरणला फोन कर.

आणि वनमजुरांची मजुरी वेळेवर काढ, हे कळकळीनं सांगतो. कोरकू आदिवासी पोरं तुझ्याआधी जंगल ओळखतात. त्यांचे पैसे अडकले की खबर आधी अडकते.

तिथे गेल्या गेल्या, आधी सुटलेल्या आरोपींचे निकाल मागवून वाच. आपण कुठे कमी पडलो, ते न्यायाधीशांनी त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.