व्यायाम करताना स्पोर्ट्स ड्रिंकऐवजी नारळपाणी चालेल का? आणि नारळाचे बाकीचे पदार्थ खरंच तेवढे गुणकारी असतात का?

तुम्ही लिहिलंय की रोज तासभर पळता आणि रविवारी अडीच-तीन तास सायकल चालवता. रोजच्या तासाभराला नारळपाणी खुशाल प्या. खरं तर तेवढ्याला साधं पाणीही पुरतं. रविवारी मात्र नुसत्या नारळपाण्यावर राहू नका. त्यात मीठ कमी पडतं.

मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं लांब पल्ल्याचं पळणारा माणूस आहे, आणि हा धडा पायांनी शिकलोय. सुरुवातीच्या काळात एकदा कडक उन्हात ३० किलोमीटरचा सराव केला आणि वाटेत फक्त नारळपाणी प्यायलो, चार वेळा. हिशोब साधा होता: यात पोटॅशियम भरपूर, म्हणजे पायात गोळे येणार नाहीत. शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला पोटात पाणी डुचमळत होतं आणि दोन्ही पोटऱ्या आवळून आल्या होत्या. घरी येऊन शर्ट वाळत टाकला तर त्यावर मिठाचे पांढरे पट्टे. काय गेलं ते शर्टावर लिहिलेलं होतं, मी मात्र भलतंच भरत होतो. (गोळे येण्याचं कारण बहुतेकदा दमलेले स्नायू असतात, पोटॅशियमची कमतरता क्वचितच. हे मला नंतर वाचून कळलं.)

आकडेच बघा. एक लिटर घामातून साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम जातं. काही जणांचं ५०० जातं, काहींचं १५०० सुद्धा. पोटॅशियम जातं जेमतेम २००च्या आसपास. नारळपाण्यात हे नेमकं उलट असतं. लिटरमागे पोटॅशियम दोन ते अडीच हजार मिलिग्रॅम, आणि सोडियम बहुतेकदा दोनशे ते हजारच्या मध्ये कुठेतरी. नारळाची जात, वय आणि माती यांनुसार ते बदलतं, कोवळ्या शहाळ्यात बरेचदा खालच्या टोकाला असतं. यात नारळाचा दोष नाही. ते पाणी आत वाढणाऱ्या अंकुराच्या पोषणासाठी साठवलेलं असतं, आणि झाडाच्या पेशींचं काम पोटॅशियमवर चालतं.

स्पोर्ट्स ड्रिंकचा जन्मच घामाच्या हिशोबातून झाला. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंसाठी पाणी, साखर आणि मीठ यांचं मिश्रण तयार केलं, तेच पुढे गेटोरेड नावाचं स्पोर्ट्स ड्रिंक झालं. अशा पेयात लिटरमागे साठेक ग्रॅम साखर आणि साडेचारशेच्या आसपास मिलिग्रॅम सोडियम असतं. नारळपाण्यात साखर ३० ते ५० ग्रॅम. दोन तासांच्या वर चालणाऱ्या मेहनतीला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. तेवढी फक्त शहाळ्यांतून मिळवायची तर तासाला तीन-चार शहाळी रिचवावी लागतील. पोट बंड करेल.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात व्यायामाची सवय असलेल्या १२ पुरुषांना ट्रेडमिलवर पळवून नंतर पाणी, दोन प्रकारचं नारळपाणी आणि स्पोर्ट्स ड्रिंक अशी पेयं वेगवेगळ्या दिवशी दिली. शरीरातलं पाणी भरून येण्यात आणि नंतरच्या कामगिरीत फारसा फरक पडला नाही. नारळपाण्यानंतर पोट फुगल्याची तक्रार मात्र जास्त होती. नारळपाणीवाले या अभ्यासाचा पहिला भाग तेवढा सांगतात. त्यात साधं पाणीही तितकंच चाललं होतं, हे कुणी सांगत नाही.

तर रविवारी काय करायचं? मी एका शहाळ्याच्या पाण्यात, म्हणजे साधारण ३०० मिलिलिटरमध्ये, मोठी चिमूटभर मीठ घालतो. अर्धा ग्रॅम मिठातून जवळपास २०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. चवही बिघडत नाही, उलट गोडी थोडी वर येते. सोबत खजूर किंवा केळं. निघण्याआधी आणि आल्यावर वजन करा. एक किलो कमी झालं तर लिटरभर पाणी गेलं असं समजा आणि पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, थोडं थोडं करून, भरून काढा.

एक इशारा, आणि हा गमतीत घेऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज नारळपाणी नको. या औषधांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यात नारळपाण्याची भर पडली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि जुलाबात ओआरएसच. त्यात लिटरमागे सोडियम १७०० मिलिग्रॅमच्या वर असतं, ती जागा नारळपाणी घेऊ शकत नाही.

आता बाकीच्या नारळाकडे. पाण्याचे गुण तेलाच्या खात्यावर जमा करायची आपल्याला फार सवय आहे. पाण्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो, खोबरेल तेल म्हणजे सगळाच स्निग्धांश, आणि त्यातला ८० ते ९० टक्के संपृक्त (सॅच्युरेटेड). एका मोठ्या चमच्यात सुमारे १२ ग्रॅम संपृक्त चरबी. त्याने एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वाढतं हे खरं, पण एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलही वाढतं. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ते न वापरण्याचा सल्ला दिला. ‘यात एमसीटी (मध्यम साखळीची, लवकर पचणारी चरबी) आहे, लगेच ऊर्जा मिळते’ हा युक्तिवादही पातळ आहे. तेलातला जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्ल या स्निग्धाम्लाचा, आणि ते शरीरात बरंचसं लांब साखळीच्या, सावकाश पचणाऱ्या स्निग्धाम्लांसारखं वागतं. बाजारातलं एमसीटी तेल वेगळं काढलेलं असतं. फोडणीला चवीपुरतं वापरायला माझी हरकत नाही, पण सकाळी उपाशीपोटी चमचा चमचा पिणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

केसांना मात्र खोबरेल तेलाचा खरा उपयोग आहे. लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतात.

ओलं खोबरं चांगलं, शंभर ग्रॅममध्ये ९ ग्रॅम तंतू असतात, पण कॅलरी साडेतीनशे, तेव्हा मूठभर ठीक. नारळाच्या दुधात चोथा राहत नाही, खोबऱ्यातली चरबी मात्र त्यात येते. नारळाची साखर ही साखरच, नाव कितीही गोंडस असो.

तयार बाटली घेणार असाल तर मागची बाजू वाचा. साखर घातलेली आहे का, आणि सोडियम किती, एवढं बघा. ताजं असेल तर फोडल्याबरोबर प्या. नारळाच्या आत ते निर्जंतुक असतं, हवा लागली की काही तासांत आंबायला लागतं. सायकलच्या बाटलीत सकाळी भरलेलं दुपारी मी ओतून देतो.