रजेचा अर्ज आला की आधी काय विचारायचं?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, छोटे कारखाने चालवणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती मुलांच्या काळजीपोटी, नाहीतर स्वतःची झोप उडाली म्हणून. बोलता बोलता विषय कामगारांवर येतोच, आणि मग प्रश्न ठरलेला: "ताई, एकाला रजा दिली की उद्या सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी आजारी पडतं. खरं-खोटं ओळखायचं कसं?"

ज्यांच्याबद्दल लिहितेय ते गृहस्थ आमच्यातलेच. तीन पिढ्या बडोद्यात, राहायला दांडिया बाजारात, मकरपुऱ्यात तीसेक माणसांचं मशीनशॉप. (ओळखीच्या खुणा बदलल्यात आणि लिहायला त्यांची हरकत नाही.) घरी मराठी, शॉपवर गुजराती-हिंदी, आणि चिडले की तिन्ही एकदम. तेही झोपेची तक्रार घेऊनच आले होते. नेमकं काय डोक्यात घोळतंय म्हणून विचारलं, तर पुढच्या भेटीला पिशवीतून रजेचं रजिस्टरच घेऊन आले.

ते रजिस्टर मी नीट वाचलं. नाव, तारीख, किती दिवस, आणि सगळ्यात रुंद रकाना 'कारण'. त्यात लाल पेनाने मालकांचे शेरे. 'परत आई.' 'सासरे, गेल्या वर्षी पण सासरेच.' 'पोट?' अकाउंट्समधल्या एका मुलीच्या नावापुढे नुसतं 'प्रेग्नंट!!' आणि हे बाड टाइम ऑफिसच्या टेबलावर उघडं पडलेलं असायचं. सही करायला येणारा प्रत्येक जण ते वाचूनच पुढे जायचा.

'परत आई' हा शेरा होता एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या ऑपरेटरच्या नावापुढे. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हा आदल्या रात्री उशिरा मेसेज टाकायचा, कधी तेही नाही. मालकांचं म्हणणं, खरंच आई आजारी असती तर त्याने आधी सांगितलं नसतं का?

"पहिल्यांदा आधी सांगितलं होतं त्याने?"

"सांगितलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

जरा आठवावं लागलं. "म्हटलं, बायको घरीच असते ना? भाऊ काय करतो तुझा?"

आधी सांगून ज्याच्या वाट्याला उलटतपासणी येते, तो पुढच्या वेळी आयत्या वेळीच सांगणार. खोट्या कारणांपेक्षा अशी उशिरा सांगितलेली खरी कारणंच मला जास्त भेटली आहेत.

मग आम्ही तिथेच तालीम केली. ऑपरेटर मी, मालक ते स्वतः. पहिल्या झटक्यात त्यांनी विचारलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीच्या रक्ततपासणीतला आकडा) किती, डॉक्टर कोण, रिपोर्ट कुठे आहेत. मी थांबवलं. क्रिएटिनिन कळल्यावर मशीनवर कोणाला उभं करायचं ते ठरणार आहे का? नाही. मग काय कळायला हवं? हे त्यांनी स्वतःच सांगितलं: वार कुठले, दवाखान्यात किती तास जातात, हे किती महिने चालेल, त्या दिवशी दुसऱ्या पाळीला येता येईल का, आणि त्याच्या मशीनचं सेटिंग अजून कोणाला जमतं. पाच प्रश्न, आणि एकही आईच्या मूत्रपिंडाबद्दल नाही. "उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो" असं म्हणून खरंच उद्या संध्याकाळी उत्तर द्यायचं, हे मी त्याला जोडलं. लेखी द्यायचं, म्हणजे दोन्हीकडे खोट्या आठवणी तयार होत नाहीत.

कायद्याबद्दल त्यांच्या डोक्यात भलताच गोंधळ होता. "मी ईएसआयसी भरतो, मग पैसे तिकडून घे ना," असं त्यांनी त्या ऑपरेटरला सुनावलं होतं. ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ. त्यात दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालक 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के भरतो, हे खरं. पण त्यातून वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते ती कामगार स्वतः आजारी असेल तर. अवलंबून असलेल्या आईला उपचार मिळतात. तिला घेऊन बसणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज मिळत नाही. खासगी नोकरीत आईवडिलांच्या आजारपणासाठी वेगळी रजा कायद्याने दिलेलीच नाही. त्याच्या हातात काय, तर वीस दिवसांच्या कामामागे एक अशी साठलेली भरपगारी रजा, आणि पुढे मालकाचा समजूतदारपणा.

अकाउंट्समधल्या त्या गरोदर मुलीच्या बाबतीत मात्र समजूतदारपणावर काहीच सोपवलेलं नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, बाळंतपणाआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी, त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे आधी घेता येतात. 2017 च्या दुरुस्तीने आलेली ही मुदत नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आहे. त्या काळात तिला काढणं किंवा तिच्या नोकरीच्या अटी बिघडवणं बेकायदा. ती ईएसआयसीत असेल, आणि तिथली वर्गणीची अट पुरी होत असेल, तर पैसे महामंडळ देतं. हे ऐकून मालकांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. 'सहा महिने पगार कुठून देऊ' या धास्तीचीच ती दोन उद्गारचिन्हं होती, आणि महिनाभर ती मुलगी ती वाचत होती.

झोपेचं कारण मात्र वेगळंच निघालं. जाता जाता म्हणाले, "मला कोण रजा देतं हो? वडील गेले, मी चौथ्या दिवशी शॉपवर होतो." हे त्यांनी कोणालाही बोलून दाखवलेलं नव्हतं, वहिनींनाही नाही. स्वतःच्या त्या चौथ्या दिवसाने ते तीस माणसांना मोजत होते. त्यावर आमच्या नंतरच्या बऱ्याच भेटी गेल्या. ते इथे लिहीत नाही.

रजिस्टर बदललं. 'कारण' या रकान्याऐवजी आता 'घरगुती / वैद्यकीय', तारखा, बदली कोण, एवढंच. दाखले वेगळ्या फाइलीत, कुलपात. ऑपरेटर डायलिसिसच्या दिवशी दुसऱ्या पाळीला येतो. दोनदा तेही जमलं नाही, पण दोन्ही वेळा त्याने सकाळीच कळवलं.

आणि खरोखरच थापा मारणारा? असतो ना, तीसात एखादा असतोच. तीन दिवसांपुढे सगळ्यांनाच दाखला, त्यावर कधीपासून कधीपर्यंत येता येणार नाही एवढं पुरे, हा नियम त्यालाही लागू. बोलायचं ते तारखा समोर ठेवून, त्याच्या सासूच्या तब्येतीवर नाही. त्यांच्याकडे असा एक आहे, त्याला दरवर्षी 15 जानेवारीला, म्हणजे वासी उत्तरायणाला (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पतंगांच्या), ताप येतो. मी म्हटलं, त्या दिवशी शॉपच बंद ठेवा, नाहीतरी अर्धे जण गच्चीवरच असतात. म्हणाले, विचार करतो, जानेवारीत डिस्पॅच फार असतो.