भावाचे १८० दिवस भरू देऊ नका

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पर्यटक व्हिसावर अमेरिकेत गेला. मुदत संपून पाच महिने होत आले, तरी तो तिथेच आहे. रोखीने काम करतो. एजंट म्हणतो, ‘सगळी सक्ती सीमेवर आहे, आत असलेल्याला कोण विचारतं? मध्येच घरी जावंसं वाटलं तर जा, परत कॅनडातून आत घेऊ.’ काय करावं?

उत्तर : ताई, आधी तारीख पक्की करा. व्हिसावर छापलेली नव्हे, आय-९४ मधली, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीत कधीपर्यंत राहता येईल म्हणून दिलेली. तिथपासून दिवस मोजा. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला असेल, तर मोजणी बदलू शकते.

१८० दिवस उलटल्यावर भाऊ स्वतःहून परतला, तरी तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष उलटलं की दहा वर्षं. ही तरतूद १९९६ च्या कायद्यातली. बंदी लागू होते ती देश सोडल्यावर, त्यामुळे धाकासाठी केलेल्या कायद्याने माणसं आतच अडकून पडली. सीमेवरही हेच झालं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम ४,००० चं असलेलं गस्ती दल पुढे २०,००० वर गेलं. सीमा ओलांडणं महाग आणि जीवघेणं झालं, तसे हंगामापुरते येणारे मेक्सिकन मजूर घरी जायचे थांबले, बायकामुलांनाच तिकडे नेऊ लागले. मला याची चीड येते, कारण भिंत प्रचारसभेत दाखवता येते, पण विमानतळावरून रीतसर आलेल्याला ती अडवत नाही.

एजंटचं खरं आहे ते एवढंच, की भिंत अशाला अडवत नाही. पण मुदत संपलेला माणूस देशात कुठेही सापडला, तरी त्याला हद्दपार करता येतं. कॅनडाची वाट तर विसराच. एकूण वर्षाहून जास्त बेकायदा राहून, बाहेर पडून पुन्हा चोरवाटेने शिरला, तर बंदी कायमची. दहा वर्षं बाहेर काढल्याशिवाय परवानगीही मागता येत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानातून १०४ भारतीय बेड्या घालून अमृतसरला उतरवले गेले. त्यांतल्या अनेकांनी अशाच वाटांसाठी लाखो रुपये मोजले होते.

तिकीट काढण्यापूर्वी मात्र भावाला एक विचारा : तिथल्या नागरिकाशी त्याचं खरंखुरं लग्न झालं आहे का? तो तपासणी होऊन आत आला असल्याने तिथूनच कायम वास्तव्याचा अर्ज करता येऊ शकतो, आणि मग निघून येणं ही चूक ठरेल. भारतात परतण्यात जिवाला धोका असेल, तरीही आधी तिथल्या वकिलाला भेटू द्या, एजंटला नव्हे.

असं काही नसेल, तर १८० दिवसांच्या आत परत आणा. बंदी लागणार नाही. जुना व्हिसा मात्र रद्द झालेला आहे. नवा भारतातूनच मागावा लागेल आणि तो मिळेलच असं नाही. अर्जात मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, असं विचारतात. तिथे ‘हो’च लिहायचं. खोटं पकडलं गेलं, तर आजन्म अपात्रता येऊ शकते. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचा इथला शिक्का जपून ठेवायला सांगा. वेळेत निघाल्याचा पुरावा तोच.