अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजात गाजलेला क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये टिकेल का, हे आधी कसं ओळखायचं?

नुसत्या आकड्यांवरून तर अजिबात ओळखता येत नाही.

मी रॉचेस्टरला राहतो, म्हणजे बफेलो बिल्स टीमचा पक्का चाहता. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात तिथे, बिल्सनी सौदा करून सातव्या नंबरवर वायोमिंग विद्यापीठाचा जॉश अ‍ॅलन घेतला आणि लगेच न्यू जर्सीहून मेव्हण्याचा फोन आला. त्याची एक्सेल शीट तयारच होती. "कॉलेजात याचे शंभरातले छप्पन्न पास पोचतात, तेही वायोमिंगकडून खेळताना. जॉश रोझेन घ्यायचा सोडून हा?" मी विचारलं, तू याची एक तरी मॅच बघितलीस का? नव्हती बघितली. अ‍ॅलनचा बॉल चुकायचा तो पायांमुळे. पुढचा पाय लांब पडायचा, कंबर वळायच्या आत हात सुटायचा आणि बॉल तो झेलणाऱ्या रिसीव्हरच्या डोक्यावरून जायचा. हे सुधारता येतं. डिसेंबरात बफेलोच्या वाऱ्यात बॉल सरळ नेणारा हात मात्र मुळात असावा लागतो.

पहिल्या सीझनला पोचलेले पास ५२.८ टक्के झाले, तेव्हा मेव्हण्याने सगळ्या घरादारासमोर तो आकडा वाचून दाखवला. अ‍ॅलन सुट्टीत फेक शिकवणाऱ्या जॉर्डन पामरकडे फेक घोटत राहिला, बिल्सच्या आक्रमणाचा कोच ब्रायन डेबॉलने त्याला जमेल असा खेळ रचला, २०२० ला रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आला आणि आकडा ६९.२ वर गेला. २०२४ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. रोझेनचं काय झालं? वर्षभरात अ‍ॅरिझोनाने कोच बदलला, नवा क्वार्टरबॅक कायलर मरे घेतला आणि याला मायामीला देऊन टाकलं. त्याच ड्राफ्टमधला क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड जेट्सकडे वाया गेला, आणि २०२४ ला मिनेसोटात कोच केविन ओ'कॉनेलच्या हाताखाली १४ मॅच जिंकला. शीटमध्ये कोचचा रकाना कुठे होता?

तुम्हाला बघायचंच असेल तर स्क्रीन पास (जवळच टाकलेले सोपे पास) आणि मोकळ्या रिसीव्हरकडे टाकलेले पास सोडून द्या. थर्ड अँड लाँगला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात बरंच अंतर उरलेलं असताना, पॉकेट (त्याला वाचवणाऱ्या साथीदारांचं कडं) मोडत असताना त्याची नजर पुढे राहते की अंगावर येणाऱ्यांकडे जाते, ते बघा. ड्राफ्टआधी वेग मोजायला घेतात ती चाळीस यार्डांची धाव विसरा.

आता हेही खरं, की इतक्या कमी अचूकतेची बहुतेक पोरं पुढे चालत नाहीत, अ‍ॅलन अपवादच. पण अपवाद ओळखायला मॅच बघावी लागते, हेच मी तेव्हा फोनवर सांगत होतो.

तुमच्या मनात कोण आहे, आणि त्याला कुठली टीम घेईल असं वाटतं? ते कळल्याशिवाय मी हो-नाही काही म्हणणार नाही.