मशीन लर्निंगने कॉलमचे साइज काढले, तर ईटॅब्समध्ये (इमारतीवरचे भार आणि ताण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) विश्लेषण करायची गरज उरते का?

तुम्ही म्हणता, ऑफिसातल्या मुंबईच्या 40 जुन्या इमारतींच्या फाइलींवर मॉडेल शिकवलं आणि चाचणीत 96 टक्के अचूकता आली. विश्लेषण वगळता येणार नाही. पण त्याआधी मला त्या 96 वरच संशय आहे.

डेटा कॉलमच्या ओळींनुसार फोडला असेल, तर एकाच इमारतीचे काही कॉलम शिकवणीत गेले आणि काही चाचणीत. मॉडेलने इमारत ओळखली, एवढंच. 32 इमारती शिकवायला घ्या, 8 अख्ख्या बाजूला ठेवा आणि मग आकडा बघा.

फाइली एका जातीच्या आहेत का तेही तपासा. आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय कोडच्या 2016 च्या आवृत्तीत भेगा गेलेल्या छेदाची जडता (वाकण्याला होणारा विरोध) घ्यायला सांगितली: कॉलमला पूर्ण जडतेच्या 70 टक्के, बीमला 35. जुन्या फाइलीत पूर्ण जडता असेल तर ड्रिफ्ट, म्हणजे मजल्याचं आडवं सरकणं, कमी दिसतं. दोन्ही कालवल्या की मॉडेल गोंधळणारच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ड्रॉइंगमधला साइज शिकवणं. तो बऱ्याचदा आर्किटेक्टच्या भिंतीत लपवायला ठरलेला असतो. शिकवायचाच तर अक्षीय (उभा) भार आणि मोमेंट (वाकवणारा जोर) शिकवा, साइज कोडच्या नियमांनी काढा. नाहीतर मॉडेल बिनदिक्कत 300 × 900 मिलिमीटर सुचवेल. आयएस 13920 या भूकंपरोधक काँक्रीट बांधणीच्या कोडच्या हिशेबाने तो कॉलम म्हणून फार चपटा, आणि शिअर वॉल (आडवा जोर पेलणारी काँक्रीटची भिंत) म्हणावी तर लांबी जाडीच्या 4 पट हवी, ती इथे 3 पटच!

एक्सजीबूस्टसारखी निर्णय-झाडांवर (डिसिजन ट्री) आधारलेली मशीन लर्निंगची मॉडेलं 22 मजल्यांपर्यंत शिकली असतील, तर 35 मजले विचारल्यावर 22 च्याच आसपासचं उत्तर देतात, तेही कुरकुर न करता. मजल्यांची मर्यादा प्रोग्रॅममध्येच घालून ठेवा.

अशा मॉडेलचा उपयोग आहे तो आर्किटेक्टसोबत ग्रिडचे (कॉलमच्या मांडणीचे) आठ-दहा पर्याय पटापट ताडून बघायला. त्यासाठी जुन्या फाइलींपेक्षा ईटॅब्सचा एपीआय (प्रोग्रॅममधून सॉफ्टवेअर चालवायची सोय) पायथनमधून चालवून स्वतःचा डेटा तयार करा: मुंबईसाठी 2016 च्या आवृत्तीनुसार भूकंपाचा झोन 3, गुणांक 0.16, वारा 44 मीटर प्रति सेकंद, आणि मजले, स्पॅन, मजल्याची उंची बदलत इमारतींची हजार-दीड हजार ईटॅब्स मॉडेलं. पोडियमवर (खालच्या रुंद मजल्यांवर) ट्रान्सफर गर्डर, म्हणजे वरच्या कॉलमचा भार बाजूच्या कॉलमांवर नेणारे मोठे बीम, असलेल्या इमारती यात मिसळू नका, त्यांचा भार वेगळ्याच वाटेने खाली येतो.

प्रत्येक अंदाजाला हाताचा हिशेब लावा. 5 × 6 मीटरचा भाग, 20 मजले, चौरस मीटरला 12 किलोन्यूटन धरले तर कॉलमवर 7,200 किलोन्यूटन. मॉडेल 5,000 म्हणत असेल तर आधी इनपुटची एककं बघा.